पत्रा घासण्याआधी

वाचकांचे प्रश्न : जुनी विमानं, त्यांचे सुटे भाग आणि त्यांची निगा

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये हवाई दलाच्या मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला गेला आणि तेव्हापासून या सदराकडे येणारा पत्रांचा गठ्ठा जाड झाला आहे. नाशिकमध्ये तसं होणारच. ओझरचा विमान कारखाना १९६४ साली उभा राहिला तो मुळी याच विमानासाठी, आणि आजूबाजूच्या गावांतली कितीतरी घरं ‘मिग’च्या पगारावर उभी राहिली. मीही त्यांतलाच, शीट मेटल शॉपचा. निवृत्तीनंतर जुने भाग मिळवणं, ओळखणं आणि सांभाळणं हाच माझा उद्योग आहे. पत्रांतून सर्वांत जास्त विचारलं जातं ते ‘चकाचक कसं करू?’ माझं उत्तर बहुतेकदा ‘करू नका’ असं असतं. का, ते ज्या त्या उत्तरात सांगितलं आहे.

प्रश्न : आजोबांनी फार वर्षांपूर्वी लिलावातल्या मालातून लढाऊ विमानाची जादा इंधनटाकी विकत आणली होती. काही काळ पाण्यासाठी वापरली, मग ती द्राक्षाच्या शेडमध्ये पडून राहिली. आता घरासमोर स्टँडवर ठेवायची आहे. सगळीकडे पांढरी भुकटी आली आहे, मधे मधे हिरवट डाग आहेत. वायर ब्रशनं घासून पॉलिश मारू का?
— द्राक्ष बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : वायर ब्रश नको, स्टील वूलही नको. लोखंडाचे बारीक कण अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यात रुतून बसतात. ओल मिळाली की त्या प्रत्येक कणाभोवती पत्रा खायला सुरुवात होते. आज चकाकलेली टाकी एका पावसाळ्यात खड्ड्याखड्ड्यांची होईल.

तुमच्या पत्रातली खरी खूण म्हणजे ते हिरवट डाग. शेडमध्ये बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं फवारणीचं औषध, कालवत असणार. मोरचूद हा तांब्याचा क्षार. चुना पुरेसा पडला का, हे बघायला तुम्ही मिश्रणात विळा बुडवता. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असं समजता. विळ्यावर जे होतं तेच अ‍ॅल्युमिनियमवर होतं, आणि जास्त नासधूस करतं. तांबं पत्र्यावर बसतं, तिथला पत्रा विरघळतो, आणि बसलेलं तांबं आजूबाजूचा पत्रा पुढेही खात राहतं. चुनाही अ‍ॅल्युमिनियमला सोसत नाही. म्हणून साफसफाईचं नंतर बघा, आधी टाकी शेडबाहेर काढा. घरासमोर ठेवतानाही फवारणीचे तुषार तिथवर येत नाहीत ना, ते पाहा.

साफ करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. भरण्याच्या तोंडाजवळ आणि टांगण्याच्या कड्यांजवळ रंगात उमटवलेली अक्षरं, आकडे, शाईचा बारका गोल शिक्का असं काही दिसतं का ते भिंगानं शोधा. तो शिक्का तपासनिसाचा असतो. कोणीतरी ते काम हातात घेऊन, बघून, आपल्या जबाबदारीवर पास केलं होतं, त्याची ती सही आहे. घासताना सगळ्यात आधी तीच जाते, आणि ती गेली की टाकी कुठून आली हे सांगणारं फारसं काही उरत नाही.

मग साधं पाणी, सौम्य साबण आणि नायलॉनचा मऊ ब्रश. पांढरी भुकटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गंजच. ती बांबूच्या चपट्या काडीनं खरवडून काढा. चिंच, लिंबू, कॉस्टिक सोडा यांतलं काहीही लावू नका. कॉस्टिक तर पत्राच विरघळवतो. औषधांच्या दुकानात पाण्याचा पीएच तपासायच्या पट्ट्या मिळतात, तुमच्याकडे फवारणीसाठी असतीलच. धुऊन निथळणारं पाणी ७ च्या आसपास येईपर्यंत धूत राहा. नंतर ब्लोअरनं सांध्यांतलं पाणी उडवा, दिवसभर उन्हात सुकवा आणि रंगहीन मेणाचा पातळ हात द्या. एवढंच.

एखाद्या कडेला पत्रा फुगून पापुद्रे सुटत असतील तर गंज आत, धातूच्या थरांमध्ये शिरला आहे. तिथे घासून काही साधणार नाही. ती जागा कोरडी ठेवा.

पॉलिशबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न विमानाचे पॅनेल गोळा करणारेही विचारतात. विमानाच्या अंगाचा पत्रा म्हणजे ड्युरालुमिन. रशियन विमानांत त्याच जातीचा डी-१६. त्यात साधारण ४ टक्के तांबं असतं. त्यानं ताकद येते, पण गंजाला पत्रा हळवा होतो. म्हणून कारखान्यातच दोन्ही अंगांना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचं पातळ अस्तर चढवलेलं असतं. पॉलिशचं चाक फिरवलं की आरशासारखं रूप येतं खरं, पण जातं ते हे अस्तर. उघडा पडलेला पत्रा मग आपल्या हवेत टिकत नाही.

स्टँडला लोखंडी पट्टे थेट लावू नका, मधे पॉलिथिन फोमची जाड पट्टी घाला. सिमेंटच्या जमिनीवर किंवा ओल्या गोणपाटावर टाकी टेकवून ठेवू नका. आणि कापायचा किंवा वेल्डिंगचा विचार असेल तर तो सोडून द्या. इंधनाची बंद टाकी वरून कोरडी दिसली तरी आत वाफ असू शकते.

प्रश्न : काका, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. भद्रकालीत जुन्या सामानाच्या दुकानात मला विमानाचं घड्याळ मिळालं. मोठ्या डायलमध्ये वर आणि खाली दोन छोटे डायल आहेत, दोन्ही बाजूंना बटणं आहेत, पाठीमागे रशियन अक्षरं. आकड्यांवर तपकिरी पडलेला जाडसर रंग आहे, काट्यांवरचा थोडा सुटून काचेच्या आत पडलाय. उघडून साफ कसं करायचं?
— विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : उघडू नकोस. बाकी सगळं नंतर, हे आधी.

तुझ्या वर्णनावरून ते सोव्हिएत बनावटीचं एसीएचएस-१ जातीचं घड्याळ वाटतं. चेल्याबिन्स्कच्या कारखान्यात ही बनत आणि मिग-२१ सकट कितीतरी विमानांत बसवलेली असत. फार हुशारीनं केलेली वस्तू आहे ती. मोठा डायल रोजची वेळ दाखवतो, वरचा छोटा डायल उड्डाणाला किती वेळ झाला ते, आणि खालचा म्हणजे स्टॉपवॉच. वरच्या डायलमध्ये एक बारीक खिडकी आहे. उड्डाणाची वेळ मोजली जात असेल तर तिथे लाल दिसतं, थांबवली की अर्धं लाल अर्धं पांढरं, शून्यावर आणली की पांढरं. हातमोजे घातलेल्या वैमानिकाला आकडे न वाचता एका नजरेत कळावं म्हणून. वर थंडीत तेल घट्ट होऊ नये म्हणून आत विजेवर तापणारी तार असते. तिला घरची वीज जोडायचा प्रयोग कधीही करू नकोस.

आता तो तपकिरी रंग. अंधारात दिसावं म्हणून त्या काळातल्या अनेक उपकरणांवर किरणोत्सारी रेडियम मिसळलेला रंग लावत. रेडियमच्या माऱ्यानं झिंक सल्फाइड चमकायचं. काही वर्षांत झिंक सल्फाइड थकतं, चमक जाते, आणि लोक समजतात की आता काही उरलं नाही. रेडियम मात्र तसंच असतं. त्याचं अर्धआयुष्य सुमारे १,६०० वर्षं आहे. तुझं घड्याळ चमकत नाही यावरून ते निर्धोक ठरत नाही.

काच शाबूत असली तर धोका बराच आवाक्यात राहतो. खरा धोका सुटलेल्या भुकटीचा. ती श्वासातून किंवा बोटांवाटे तोंडातून पोटात गेली की शरीर रेडियमला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. १९२० च्या आसपास अमेरिकेत न्यू जर्सीच्या ऑरेंज गावी घड्याळांच्या डायलवर हा रंग भरणाऱ्या मुली ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरत. त्यांच्या जबड्यांची हाडं कुजली, कित्येक जणी मेल्या. तुझ्याच वयाच्या होत्या.

तर असं कर. घड्याळ हलवू नकोस, किल्ली देऊ नकोस. काचेला तडा असेल तर वरून चिकटपट्टी लाव. जाड प्लास्टिकच्या बंद पिशवीत घाल, पिशवीवर ठळक लिही आणि झोपायच्या खोलीत, स्वयंपाकघरात किंवा बंद कपाटात ठेवू नकोस. रेडियमपासून रेडॉन हा किरणोत्सारी वायू सुटतो, तो कोंडतो. हात साबणानं धू. मग कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर आहे का ते विचार, आणि विभागप्रमुखांना आधी सांगून, पिशवी न उघडता मोजून घे. किरणोत्सार निघाला तर पुढचं मुंबईला अणुशक्तीनगरमधल्या अणुऊर्जा नियामक मंडळाला विचारायचं. ते घंटागाडीत टाकायचं नाही आणि दुसऱ्याला विकायचंही नाही. काही निघालं नाही तर मला पुन्हा लिही, मग तेल कुठलं आणि किती यावर बोलू. तुझी नजर चांगली आहे. रंग काचेच्या आत पडलाय हे तू लिहिलंस, म्हणून हे सगळं सांगता आलं.

प्रश्न : फोनवर एक जण मिग-२१ ची इजेक्शन सीट विकतोय. ‘ओरिजिनल, काडतुसांसह’ म्हणतो. माझ्याकडे नोज व्हीलचा, म्हणजे पुढच्या चाकाचा, पाय आधीच आहे, त्याचा मला टीपॉय करायचा आहे. दोन्हींबद्दल मार्गदर्शन करा.
— वाचक, अंबड

उत्तर : सीट घेऊ नका. वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी ती काडतुसं म्हणजे स्फोटक आहेत. वर्षानुवर्षं पडून राहिल्यानं ती निकामी होत नाहीत, उलट बेभरवशाची होतात. असली सीट कुठे प्रत्यक्ष दिसली तर हात न लावता ११२ वर कळवा.

संरक्षण दलांचं भंगार रीतसर बाहेर येतं ते बहुधा एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून. हत्यार किंवा स्फोटक स्वरूपाचं सगळं काढून, पुष्कळदा भाग कापून निकामी करूनच ते दिलं जातं. लिलाव मोठ्या लॉटचे असतात, आपल्यासारख्याला भाग मिळतो तो लॉट घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून. त्याच्याकडे डिलिव्हरी ऑर्डरची प्रत मागा आणि आपल्या नावाची पावती घ्या. ‘कागद कशाला, ओळखीतला माल आहे’ म्हणणाऱ्याकडून एक वॉशरसुद्धा घेऊ नका. कागद नसलेला माल चोरीचा निघाला तर गुन्हा तुमच्यावरही येतो. आणखी एक, संग्रहातला भाग कोणी उडत्या विमानासाठी मागितला तर कितीही पैसे देऊ केले तरी द्यायचा नाही. त्याचा तपासणीचा इतिहास तुटलेला आहे. त्यावर कोणाचा तरी जीव टांगला जाईल.

चाकाच्या पायात तेल आणि दाबलेला नायट्रोजन असतो. दाब पूर्ण उतरवल्याशिवाय नट सैल केलात तर आतली दांडी बंदुकीच्या गोळीसारखी सुटते. विमानाच्या हायड्रॉलिकचं काम केलेल्या माणसाला बोलवा, अंबड-सातपूरमध्ये असे निवृत्त लोक सापडतील. चाकाचा हब ग्राइंडरवर धरू नका. त्या काळातल्या अनेक विमानांची चाकं मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची आहेत. त्याचा कीस पेटला तर पाण्यानं आग भडकते, कोरडी वाळूच लागते. कोपऱ्यात रंग खरवडून व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर मॅग्नेशियम.

टीपॉयचं म्हणाल तर वरती काच ठेवा, खाली आधार द्या, पण पाय कापू नका, त्याला भोकं पाडू नका. उद्या कोणी अख्खं विमान उभं करायला घेतलं तर तुमचा पाय त्याला लागेल.

प्रश्न : मी पैठणी विणतो. जुन्या विमानांना कापड लावत असत असं ऐकलं. कोणतं कापड, कसं विणलेलं, आणि ते हवेत फाटत कसं नसे?
— विणकर, येवला

उत्तर : तुमच्या पत्रानं फार आनंद झाला. पत्र्याची माणसं कापडाचं काम कमी लेखतात आणि ते अगदी चुकीचं आहे.

टायगर मॉथसारख्या विमानांचा सांगाडा लाकडाचा आणि नळ्यांचा, वरून कापड. ब्रिटिश विमानांना जवसाच्या धाग्याचं लिनन, अमेरिकन विमानांना बहुतेक सुती. अमेरिकन सुती कापडाच्या पहिल्या प्रतीचं मोजमाप तुम्हाला आवडेल. ताणा आणि बाणा दोन्हीकडे इंचाला किमान ८० धागे. एक इंच रुंदीच्या नव्या पट्टीनं ८० पौंडांचा ताण सोसला पाहिजे. वापरात तो ५६ पौंडांच्या खाली गेला की कापड उतरवायचं, मग डोळ्यांना कितीही धडधाकट दिसो.

कापड आधी सैलसरच चढवतात. पंखाच्या प्रत्येक फासळीला ते मेण लावलेल्या दोऱ्यानं आरपार टाके घालून शिवतात, ठरावीक अंतरावर, प्रत्येक टाक्याला गाठ. एक टाका तुटला तरी पुढचे सुटू नयेत म्हणून. टाक्यांवर करवतीसारख्या दातेरी कडेची पट्टी चिकटवतात; सरळ कडेपेक्षा ती उसवत कमी. मग ‘डोप’ नावाचा द्रव ब्रशनं हातावर हात देऊन लावतात. तो सुकताना कापड आवळतं आणि पंख ताठ होतो. जुना डोप नायट्रोसेल्युलोजचा, तो झपकन पेट घेतो. कोणाकडे जुन्या कापडाचा तुकडा असेल तर तो देवघराजवळ ठेवू नये. आजकाल पॉलिएस्टरचं कापड वापरतात आणि ते इस्त्रीच्या उष्णतेनं आवळतात.

दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो विमान लाकडाचं होतं, त्याच्या अंगावर मदपोलम हे तलम सुती कापड चिकटवत. या कापडाचं मूळ आंध्रातल्या नरसापूरजवळ, म्हणजे आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते त्या टापूत.

तुमच्यासारख्या माणसानं या कामात उतरावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. देशात जुनी कापडी विमानं दुरुस्त करायची तर टाका घालणारे हात मिळत नाहीत.

प्रश्न : इगतपुरीच्या बंगल्यात लाकडी प्रोपेलर आहे, सासऱ्यांच्या काळापासून भिंतीवर उभा टांगलेला. काळवंडलाय. सुताराकडून घासून नवं पॉलिश करून घ्यावं का?
— वाचक, मुंबई

उत्तर : सुताराला नका बोलावू. तो मन लावून काम करेल आणि त्यातच सगळं जाईल. मधल्या गोल भागावर ठोकलेली अक्षरं वाचा. ब्रिटिश प्रोपेलरवर तिथे ड्रॉइंग नंबर, व्यास, पिच (एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर) आणि बहुधा कोणत्या इंजिनासाठी ते असतं. तीच त्याची कुंडली, आणि पॉलिश पेपरच्या दोन हातांत ती बुजते. किंचित ओलसर मऊ फडक्यानं धूळ टिपा. जवसाचं तेल लावू नका, ते चिकट होऊन आणखी काळं पडतं. कडेची पितळी पट्टी हिरवट असू द्या.

टांगणी मात्र लगेच बदला. इगतपुरीच्या पावसात लाकूड ओल पितं, आणि उभ्या प्रोपेलरमध्ये ती ओल खालच्या पात्यात उतरते. आडवा टांगा, बाहेरच्या भिंतीपासून सुटा. आणि तो १०० वर्षांहून जुना निघाला तर पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्याचा विचार करावा लागेल. अशी ऐतिहासिक वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातलं गिऱ्हाईक आलं तर हे लक्षात ठेवा.

प्रश्न : भंगारात गेलेलं विमान पुन्हा उडालंय का कधी? मी सातवीत आहे.
— विद्यार्थी, निफाड

उत्तर : उडालंय, आणि आपल्याच देशात एक-दोन नाही, चाळीसच्या आसपास उडाली आहेत.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा कानपूरला लिबरेटर नावाची चार इंजिनांची अमेरिकन बॉम्बफेकी विमानं उभी होती. ती परत न्यायची नव्हती आणि कोणाच्या कामीही येऊ द्यायची नव्हती, म्हणून मुद्दाम मोडली होती. इंजिनांत माती-वाळू घातली, अंगावर घाव घातले. ती तशीच उन्हापावसात पडून राहिली. १९४८ मध्ये आपल्या नव्या हवाई दलाला बॉम्बफेकी विमानं हवी होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टची माणसं कानपूरला गेली. एका विमानाचे भाग दुसऱ्याला लावत त्यांनी ती बंगळूरपर्यंत पोहोचण्यापुरती दुरुस्त केली. कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती तिथवर उडवत नेली. तिथे सगळी उघडून नीट बांधली. त्याच वर्षी हवाई दलाची ५ नंबरची स्क्वाड्रन या विमानांवर उभी राहिली आणि लिबरेटर आपल्याकडे १९६८ च्या अखेरपर्यंत सेवेत होती. जगात दुसरीकडे तोवर ती इतिहासजमा झाली होती. आज ब्रिटन, अमेरिका, कॅनडाच्या संग्रहालयांत ज्या लिबरेटर दिमाखात उभ्या आहेत, त्यांतल्या काही आपल्या हवाई दलाकडूनच गेल्या आहेत. मला विचारशील तर भारतीय कारागिरांच्या हातून झालेलं याहून मोठं पुनरुज्जीवन नाही, आणि शाळेच्या पुस्तकात ते असायला हवं. दिल्लीला पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात एक लिबरेटर आहे.

शिवाय हवाई दलाकडे जुन्या विमानांची एक तुकडी आहे. तिच्यात टायगर मॉथ, हार्वर्ड आहेत, आणि २०१८ मध्ये ब्रिटनमधून दुरुस्त होऊन आलेलं ‘परशुराम’ नावाचं डाकोटाही आहे.

प्रश्न : आमचे हे ओझरला पत्रा विभागात होते. गेल्या वर्षी गेले. त्यांची पेटी उघडली तर लहान हातोड्या, लोखंडाचे वेडेवाकडे ठोकळे, आरसा, एक वही, फोटो आणि गुंडाळलेले नकाशे निघाले. मुलगा म्हणतो भंगारात देऊ. मन होत नाही.
— एक वाचक, आडगाव

उत्तर : वहिनी, पेटी देऊ नका. मुलाला हे पत्र वाचायला द्या.

ते वेडेवाकडे ठोकळे म्हणजे डॉली. रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारी खिळी, एका बाजूनं ठोकताना दुसऱ्या बाजूनं ती धरतात. विमानाच्या आत जागा अशी असते की बाजारातली डॉली पोहोचत नाही. म्हणून कारागीर स्वतः कानशीनं घासून त्या त्या कोपऱ्यापुरती डॉली बनवतो. यांनी त्या स्वतःच्या हातानं घडवल्या असणार, आणि त्या आकाराची दुसरी डॉली जगात नसेल. आरसा रिव्हेटचं मागचं डोकं नीट बसलं का ते पाहायचा. मोठमोठ्या संग्रहालयांत अख्खी विमानं आहेत, पण ती कोणत्या हत्यारानं, कोणत्या हातानं जुळली, हे दाखवणारं क्वचितच असतं.

हत्यारांना हलका तेलाचा हात द्या. लाकडी मुठी पुसू नका, त्यांच्या हाताचा घाम मुरून जो काळा रंग आलाय तो राहू द्या. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधा. यांच्याबरोबर काम केलेले जे कोणी आहेत त्यांना एका रविवारी घरी बोलवा, एकेक वस्तू हातात द्या आणि मुलाला मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करू द्या. फोटोतल्या माणसांची नावं तेव्हाच विचारून मागे मऊ पेन्सिलीनं लिहा, बॉलपेनानं नको. हे लवकर करा. सुरुवातीच्या मिगवर काम केलेली पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे.

वही नीट वाचा. मिगचं अंग ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला अशी कामाची विभागणी होती. वहीत या गावांचे, बदल्यांचे, तिथून आलेल्या मालाचे उल्लेख असतील तर त्या काळाचा तो अस्सल कागद आहे. मात्र वहीतली तांत्रिक मापं कोणाला फोटो काढून पाठवू नका.

नकाशांबद्दल स्पष्ट सांगतो. ते उघडून बघू नका, कोणाला दाखवू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नाही. संरक्षण साहित्याची ड्रॉइंग १९२३ च्या सरकारी गुपितांच्या कायद्याखाली येऊ शकतात. एक साधा अर्ज लिहा, की पतीच्या निधनानंतर पेटीत हे सापडलं आणि परत करत आहोत. कारखान्याच्या सुरक्षा विभागात द्या आणि पोच घ्या. घरी ओळखपत्र असेल तर तेही. बाकीची पेटी घरात ठेवायची नसेल तर बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं संग्रहालय आहे, त्यांना फोटोंसह पत्र लिहा. त्यांचं उत्तर येईपर्यंत पेटी कोणाला उसनीही देऊ नका. पत्राचा मसुदा हवा असेल तर मी करून देईन.

प्रश्न : मिग-२१ च्या कॉकपिटचं एक पॅनेल मिळालंय. निळसर हिरवा रंग उन्हानं उडालाय. अचूक तोच रंग कसा मिळवू?
— वाचक, सिडको

उत्तर : इंटरनेटवरच्या फोटोवरून रंग जुळवू नका, प्रत्येक पडद्यावर तो वेगळा दिसतो. पॅनेलवरचा एखादा स्क्रू काढा आणि वॉशरखाली बघा, किंवा उपकरणाची कडा जिथे दाबून बसलेली होती तिथे. तिथे ऊन पोहोचलेलं नसतं, मूळ रंग तसाच सापडतो. तो तुकडा रंगाच्या दुकानात भर दुपारी, दुकानाबाहेरच्या उजेडात जुळवा. नवा रंग फक्त जिथे जुना पूर्ण गेलाय तिथेच भरा. खाली पिवळट हिरवा प्राइमर दिसला तर तो झिंक क्रोमेटचा असू शकतो. त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे, म्हणून सुका पॉलिश पेपर अजिबात चालवू नका. पाणी लावून, चांगला मास्क घालून, हातमोजे घालून काम करा, आणि गाळ वेगळ्या डब्यात बंद करून ठेवा, मोरीत सोडू नका.